ग्लिसरीन-गुलाबपाणी: पावसाळ्यात लोणी, थंडीत आग. हळदीकुंकवाच्या वाणात देऊ की नको?

निशिगंध · ५ जानेवारी, रात्री ९.२०

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या काही लुटायचं नाही, असं सासूबाईंनी आणि मी मिळून ठरवलंय. घरी केलेलं, रोज वापरात येईल असं वाण द्यायचं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी ४० तरी बायका येतात. सासूबाई म्हणतात, ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस यांची एकेक छोटी बाटली देऊया. त्यांच्या माहेरी गडहिंग्लजला थंडी पडली की कोनाड्यात ही बाटली असायचीच. अंग उललं की हीच लावायची.

कल्पना मला फार आवडली, म्हणून आधी घरात करून बघितलं. निम्मं ग्लिसरीन, निम्मं गुलाबपाणी, वर अर्धं लिंबू. जुलैत लावलं तेव्हा हात लोण्यासारखे मऊ झाले. त्याच प्रमाणात डिसेंबरात परत केलं आणि टाचांना, ओठांना लावलं, तर आग आग झाली. सकाळी ओठांची सालं निघाली. मेडिकलमधली बाटली तीच, ‘व्हेजिटेबल ग्लिसरीन’ लिहिलेली. मग आग होऊ नये म्हणून दुसऱ्या बाटलीत ग्लिसरीन चौथा हिस्साच घातलं, बाकी परसातल्या देशी गुलाबांचं घरी काढलेलं पाणी. ही लावून बरं वाटलं, पण दहाव्या दिवशी आत पांढरे धागे तरंगायला लागले.

म्हणजे घट्ट केलं तर झोंबतंय आणि पातळ केलं तर नासतंय. ४० जणींच्या हातात द्यायचं तर मला नीट समजून द्यायचंय. कुठं चुकतंय?

दुपारचा_चहा · रात्री ९.३४

लिंबू काढून टाका. अर्धी आग तिथंच विझेल.

आंबेहळद · रात्री ९.५१

आमच्या आजीनं जन्मभर ग्लिसरीन-गुलाबपाणीच लावलं. ऐंशीच्या पुढं गेली तरी हात बघण्यासारखे होते. तिला कधी आग झाली नाही. ती आंघोळ करून बाहेर आली की अंग पुरतं पुसायच्या आधीच लावायची, मग पंचानं नुसतं टिपायची. लिंबूही असायचं, पण चार थेंब. बाजारातल्या क्रीमच्या मागं लागण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. वाण जरूर द्या.

निसर्गवेडा · रात्री १०.०५

ग्लिसरीनला घरगुती म्हणणंच मला पटत नाही. ते कारखान्यात तयार होतं, बाटलीवर पानाफुलांचं चित्र काढलं म्हणून नैसर्गिक होत नाही. अंग उललं तर दुधाची साय, डाळीचं पीठ आणि हळद. आपल्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, तसलं दूध असताना बाटल्या कशाला?

रसायनी · रात्री १०.४०

निशिगंध, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यातच उत्तर आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्लिसरीनचा रेणू छोटा, पण त्याला पाणी धरून ठेवणारे तीन हात असतात. जवळ पाणी असेल तिथून ते ओढून घेतं. स्वतः मात्र उडून जात नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस आहे. जुलैत कोल्हापूरची हवाच ओली. वाळत घातलेले कपडे चार दिवस वाळत नाहीत, एवढं पाणी हवेत असतं. तेव्हा त्वचेवरचं ग्लिसरीन हवेतून पाणी घेतं आणि त्वचेचा वरचा थर फुगून मऊ होतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी. मग घट्ट ग्लिसरीन पाणी कुठून घेणार? खालच्या थरातून. टाच किंवा ओठ आधीच फुटलेले असले तर त्या उघड्या भेगांतून ते पाणी ओढतं, त्यात लिंबाचं आम्ल. झोंबणारच.

आंबेहळद, तुमच्या आजीला हे सगळं हातांनी कळलेलं होतं. अंग पुसायच्या आधी लावायचं म्हणजे ग्लिसरीनला लागणारं पाणी आधीच त्वचेवर ठेवायचं. वर पंचानं टिपायचं, घासायचं नाही. यात मला एकही दुरुस्ती सुचत नाही.

प्रमाण सांगायचं तर चेहऱ्याला १०० भागात ५ ते १० भाग ग्लिसरीन भरपूर होतं. हातापायांना २० पर्यंत चालेल. तुमचं निम्मं-निम्मं खूपच जास्त होतं. आणि मोजताना वजनकाटा घ्या. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, १०० मिलिलिटर म्हणजे १२६ ग्रॅम. बाटलीवर १०० ग्रॅम लिहिलेलं असलं तर आत ८० मिलिलिटरच्या आसपास असतं. मापं चुकतात ती इथं.

निसर्गवेडा, तुमचा सायीचा उपाय चांगलाच आहे, साय मीही लावते. पण साबण जिथं होतो तिथं ग्लिसरीन आपोआप होतं. तेल अधिक दाहक सोडा, त्यातून साबण आणि ग्लिसरीन. १७७९ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला ऑलिव्ह तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवताना हा गोड द्रव पहिल्यांदा सापडला. पुढं शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. आपल्या स्वतःच्या त्वचेतही ग्लिसरीन असतं.

फौंड्रीवाला · रात्री ११.१२

मी शिरोलीला फौंड्रीत हाय. वाळू आणि उष्णता, हात कायम फुटलेलं. ताई, मी निव्वळ ग्लिसरीन चोळून मोजे घालून बघितलं. लय चिकटतंय, वर वाळू बसती, हात म्हंजे पॉलिश पेपर. आता रात्री जेवून हात धुतलं की ओल्या हातावर चार थेंब, वर खोबरेल. महिन्याभरात भेगा भरल्या. रसायनी मॅडम जे सांगत्यात ते मी न शिकता केलं, पण का हुतंय ते आज कळलं.

मानस्तंभ · ६ जानेवारी, सकाळी ७.४५

एक शंका. आम्ही जैन, घरात याबाबत काटेकोर आहोत. ‘व्हेजिटेबल’ लिहिलेलं आणि नुसतं ‘ग्लिसरीन’ लिहिलेलं यात फरक काय?

रसायनी · सकाळी ८.३०

रेणू एकच, गुणधर्मही तेच. फरक उगमाचा. ग्लिसरीन पाम, खोबरेल, सोयाबीन अशा तेलांतून निघतं, प्राण्यांच्या चरबीतून निघतं, आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्रोपिलीनपासूनही करता येतं. त्वचेला यातलं काही कळत नाही, पण तुमच्यासाठी उगम हाच मुद्दा आहे. तेव्हा ‘व्हेजिटेबल’ स्पष्ट लिहिलेलंच घ्या. नुसतं ‘ग्लिसरीन’ असेल तर वास घेऊन किंवा बघून कुणालाच ओळखता येणार नाही. साबणाच्या तयार बेसलाही हेच लागू.

कळंबा_तलाव · सकाळी ९.०२

मी तर रोज आंघोळ झाली की ओल्या अंगालाच लावतो. पण लगेच साडी नेसली की पदर दंडाला चिकटतो, म्हणून पाच मिनिटं थांबतो.

दुपारचा_चहा · सकाळी ९.१०

दादा, पदर?

कळंबा_तलाव · सकाळी ९.२५

ताईच आहे मी. तुम्ही नागपूरकडचे दिसताय. आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘येतो, जातो, लावतो’च म्हणतात. या एकदा हळदीकुंकवाला, सगळ्या ‘येतो हं’ म्हणूनच उठतील.

दुपारचा_चहा · सकाळी ९.२८

माफ करा ताई. किती गोड!

निवृत्त_सिस्टर · सकाळी ११.१५

३१ वर्षं वॉर्डात काढली, म्हणून बोलतो. (मीही कोल्हापूरची.)

ग्लिसरीन आमच्या ट्रेवर रोज असायचं. सलाईनची सुई बसून हात सुजला की मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप. सूज उतरायची ती याच पाणी ओढायच्या गुणानं. म्हणजे औषध म्हणून जो गुण, तोच फुटलेल्या ओठावर दोष. वस्तू वाईट नाही, जागा बघून वापरायची.

आता धाग्यांबद्दल. ती बुरशी. वरून काढून गाळून वापरायचा विचारही करू नका, बाटलीसकट टाका. घट्ट ग्लिसरीनमध्ये जंतू वाढत नाहीत, कारण ते त्यांचंही पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं की ही राखण संपते. चौथा हिस्सा ग्लिसरीन असलेलं गुलाबपाणी म्हणजे जंतूंना बसायला पाट आणि समोर ताट. घरात करायचं असेल तर एका आठवड्यापुरतं करा, बाटली उकळून कोरडी करा, फ्रिजमध्ये ठेवा, बोट बुडवू नका. वाण म्हणून मात्र देऊ नका. कुणाकडं ती बाटली मार्चपर्यंत न्हाणीघरात पडून राहील, काय सांगावं.

आणि ग्लिसरीन घेताना लेबलावर ‘आय.पी.’ बघा. भारतीय औषधकोशाप्रमाणे तपासलेलं, असा त्याचा अर्थ. पिंपातून सुटं, औद्योगिक वापराचं, स्वस्त म्हणून घेऊ नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. दोन्ही द्रव दिसायला सारखे, दोन्ही गोडसर. मी तेव्हा नोकरीला नवी होतो. आमच्या मेट्रननं प्रत्येक बाटलीचं लेबल मोठ्यानं वाचायला लावायला सुरुवात केली ती तेव्हापासून. ते रुग्णांच्या पोटात गेलं होतं, तुम्ही अंगाला लावणार आहात, पण ओठाला लावलेलंही पोटात जातंच.

शेवटचं. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यात ग्लिसरीन किंवा तेल काही लावू नये, तिथं ओल राहून चिखल्या होतात. टाचेला लावा. आणि तान्ह्या बाळाचे दात येताना हिरड्यांना बोरो-ग्लिसरीन चोळायची जुनी पद्धत अजून कुणी पाळत असेल तर कृपा करून थांबवा. त्यातला बोरॅक्स बाळाला विषारी आहे.

निशिगंध · दुपारी १.४०

सिस्टर, बाटली टाकली. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आमच्या कोनाड्यात ती बाटली आठ दिवसांत संपायची गं, घरात चौदा माणसं.” म्हणजे नासायला वेळच मिळत नव्हता.

बिंदूचौक · दुपारी २.१५

जरा विषयांतर, पण ग्लिसरीन म्हटलं की मला आजोबा आठवतात. ते इथल्या एका स्टुडिओत रंगभूषेच्या खोलीत मदतनीस होते. कोल्हापूर म्हणजे चित्रपटाचं माहेर. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढंही इथल्या स्टुडिओंत काम चालूच होतं. आजोबा सांगायचे, रडायचा प्रसंग असला की नटीच्या गालावर काडीनं ग्लिसरीनचा थेंब ठेवायचा. पाण्याचा ठेवला तर दिव्यांच्या उष्णतेनं सुकतो नाहीतर घसरून जातो. ग्लिसरीनचा थेंब दिव्यात चमकत बसतो, हळू ओघळतो, तोवर दृश्य पुरं होतं. रसायनी, तुम्ही ‘उडून जात नाही’ लिहिलंत तेव्हा तो थेंबच डोळ्यासमोर आला.

चपलेचा_अंगठा · दुपारी ३.००

आमच्या घरात तीन पिढ्या चपला. गिऱ्हाईक हमखास विचारतं, चपलेला ग्लिसरीन लावू का? घोड्याच्या खोगिराला ग्लिसरीनचा साबण लावतात, म्हणून चामड्याला चालतं हे खरं. पण कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, ते पाणी भराभर पितं. ग्लिसरीन लावून पावसाळ्यात ठेवली की ओल धरून बुरा येतो. आम्ही एरंडेल किंवा खोबरेलाचं बोट फिरवतो, तेही थंडीत.

टाचांबद्दलही बोलतो, कारण दिवसभर लोकांचे पाय बघतो. मागून उघडी चपल घालणाऱ्याची टाच फुटणारच, कडा वाऱ्याला लागतात आणि दाबानं पसरतात. थंडीचे दोन महिने रात्री सुती पायमोजे घाला. आमच्या धंद्याला त्यानं काही कमी होत नाही.

भिरंडेल · सायंकाळी ५.२०

टाचेला ग्लिसरीन लावून वर काय, हे कुणीच नीट सांगितलं नाही. फौंड्रीवाला यांनी खोबरेल म्हटलंय ते बरोबर, पण टाचेला त्याहून घट्ट हवं. आम्ही आजऱ्याकडचे, घाटाखाली सगळी नाती. कोकमाच्या बियांचं तेल, भिरंडेल, आमच्याकडं गोळ्याच्या रूपात असतं. अंगाच्या उबेला वितळतं, गार झालं की मेणासारखं बसतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवायचे, नुसते टिपायचे, ओल्या टाचेला ग्लिसरीनचे दोन थेंब, त्यावर भिरंडेल आणि पायमोजे. ग्लिसरीनचं पाणी आत कोंडलं जातं. भिरंडेल मिळालं नाही तर साधी व्हॅसलिनही तेच काम करते.

दोन्ही एकत्र करून बाटली भरायला जाऊ नका. तेल आणि ग्लिसरीन एकमेकांत मिसळत नाहीत, कितीही हलवा, दहा मिनिटांत वर तेल आणि खाली ग्लिसरीन.

घामोळं · सायंकाळी ६.०५

माझा अनुभव उलटा आहे. माझी त्वचा तेलकट. पावसाळ्यात ग्लिसरीन सगळ्यांना मानवतं असं वर दिसतंय, मला जून ते सप्टेंबर ते नको वाटतं. चेहरा चिकट, धूळ बसते, केसांना लावलं तर केस पिंजारतात. तेच जानेवारीत कोरफडीच्या गरात चार थेंब टाकून लावते, उत्तम. वाणाच्या बाटलीबरोबर ‘सगळ्यांसाठी’ असं लिहू नका एवढंच सांगते.

रसायनी · सायंकाळी ६.३०

मान्य. माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो माझा दोष. कुरळ्या केसांवर तर फारच फरक पडतो. हवा ओली असली की ग्लिसरीन केसात पाणी भरतं आणि केस फुलतात.

साबणवाली · रात्री ९.४५

निशिगंध, मला वाटतं तुमच्या अडचणीवर उपाय बाटलीत नाही, वडीत आहे. वाण म्हणून ग्लिसरीनचा साबण द्या. मी ११ वर्षं घरी साबण करतेय, म्हणून धीर देते. साबणाच्या वडीत बुरशी येण्याइतकं मोकळं पाणी नसतं, आणि तो लावला जातो तोच ओल्या अंगाला. तुमचे दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

साबण दोन तऱ्हांनी होतो. एक, मुळापासून. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. यात तयार होणारं सगळं ग्लिसरीन वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यात मीठ घालून साबण वेगळा काढतात आणि ग्लिसरीन बाजूला काढून विकतात, म्हणून बऱ्याच वड्या अंग कोरडं करतात. पण ही तऱ्हा तुम्ही आठ दिवसांत शिकू नका. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. १०० ग्रॅम खोबरेलाला १८ ग्रॅमच्या आसपास, तर एरंडेलाला १३ च्या आसपास. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला तर कातडी भाजेल. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं कधीच नाही. वर महिनाभर वड्या मुरायला ठेवायच्या. तुमची संक्रांत आठवड्यावर आली.

दुसरी तऱ्हा, वितळवून ओतायची. ग्लिसरीन साबणाचा तयार बेस ठोकळ्यात मिळतो. ४० वड्या ५० ग्रॅमच्या म्हणजे २ किलो, थोडा सांडतो म्हणून २ किलो २०० ग्रॅम घ्या. बारीक तुकडे, पातेल्यात पाणी, वर दुसरं भांडं, मंद आच. ७० अंशांच्या पुढं नेऊ नका, उकळलं की पाणी उडून वडी रबरासारखी होते. वरून ग्लिसरीन घालायचा मोह होतो. अर्ध्या किलोला चहाचा एक चमचा, बस. मी पहिल्या वर्षी ‘जास्त मऊ’ म्हणून पाव वाटी ओतलं होतं. वड्या साच्यातून निघाल्याच नाहीत, आणि निघाल्या त्यांना फेस नव्हता.

गुलाबाच्या ताज्या पाकळ्या आत घालू नका, चार दिवसांत तपकिरी पडतात. ताजं दूध, फळांचा रस, कोरफडीचा गर, सगळं नको. नासतं. रंगासाठी आंबेहळद किंवा मंजिष्ठेची चिमूट, काष्ठौषधीच्या दुकानात महाद्वार रोडला मिळेल. वासासाठी वाळ्याचं किंवा गवती चहाचं तेल, १०० ग्रॅमला एक ग्रॅम, जास्त नाही. ओतल्यावर वर बुडबुडे आले तर स्पिरिटचा फवारा मारा, पण शेगडी बंद करून आणि लांब जाऊन.

वड्या साच्यातून काढल्या की त्याच दिवशी गुंडाळा. ग्लिसरीन साबणाला घाम येतो. पावसाळ्यात माझ्या उघड्या वड्यांवर सकाळी दव पडल्यासारखे थेंब असायचे, मी घाबरून अख्खा घाणा टाकून दिला होता. तो साबण खराब नव्हता, हवेतलं पाणी ओढत होता. जानेवारीत त्रास कमी, तरी गुंडाळाच.

वाण द्यायला परवाना लागत नाही, पण पुढं कुणी म्हणालं ‘बचत गटातून विकूया’, तर ते वेगळं. सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी बनवायला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात, परवाना काढावाच लागतो.

गवतफूल · रात्री १०.१०

साबणवाली ताई, मी बीएस्सीला आहे. मैत्रिणींसाठी खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिडचे ते फसफसणारे गोळे करतेय, बाथ बॉम्ब. मळायला ग्लिसरीन वापरलं तर गोळे साच्यातच फुगतात. का?

साबणवाली · रात्री १०.२२

कारण ग्लिसरीननं हवेतून पाणी आणून दिलं आणि सोडा-आम्लाची गाठ तुमच्याआधी पडली. मळायला खोबरेल घ्या. ग्लिसरीन हवंच असेल तर वापरायच्या वेळी पाण्यात टाका. आपल्याकडं कुणाच्या घरात टब आहे? पाय बुडवायच्या घमेल्यात एक गोळा आणि ग्लिसरीनचा एक चमचा, थकलेल्या पायांना फार बरं वाटतं.

रसायनी · रात्री १०.४०

गवतफूल, प्रयोगशाळेची सवय म्हणून सांगते. ग्लिसरीन पोटॅशियम परमँगनेटच्या जवळ ठेवू नका. घरात भाजी धुवायला ते जांभळे खडे असतात. दोन्ही एकत्र आले की काही क्षणांत आपोआप पेट घेतात.

साखरपट्टा · ७ जानेवारी, सकाळी ८.१५

थोडंच पुरतं, याचा दाखला देतो. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. २०२० मध्ये आम्ही उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १० लिटरला ग्लिसरीन फक्त १४५ मिलिलिटर. शेकडा दीडही नाही. एकदा चाचणीच्या घाण्यात ते घालायचं राहिलं, तर दिवसभर वापरून आमच्या पोरांचे हात पांढरे पडले. पुन्हा घातलं आणि तक्रार थांबली. सगळ्या खेळात तेवढ्या दीड टक्क्याची किंमत मला तेव्हा कळली.

निसर्गवेडा · सकाळी ९.५०

दोन दिवस सगळं वाचलं. साबण होताना ते आपोआप होतं, हे मला माहीत नव्हतं. माझा विरोध चित्र काढलेल्या बाटल्यांना आणि त्यांच्या किमतीला आहे, तो राहील. पण वस्तूबद्दल मी घाईनं लिहिलं. साय मात्र सोडणार नाही.

आंबेहळद · सकाळी १०.०५

सोडू नका! आजी सायच लावायची सणाला. ग्लिसरीन रोजचं.

निशिगंध · १९ जानेवारी, रात्री ८.३०

काल हळदीकुंकू झालं. उशिरा लिहितेय, घर आवरण्यात दिवस गेला.

साबणवाली ताई, ४३ वड्या झाल्या. मंजिष्ठेनं सुंदर फिकट विटकरी रंग आला. पहिला घाणा उकळला, त्या सहा वड्या घरात ठेवल्यात. बेस ‘व्हेजिटेबल’ लिहिलेलाच आणला, कारण मानस्तंभ यांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं, आमच्याकडं येणाऱ्यांत सात-आठ जैन घरं आहेत. मी कधी हा विचारच केला नव्हता.

सासूबाईंना बाटली सोडवेना. मग त्यांनीच तोडगा काढला. मिश्रण करायचंच नाही. मेडिकलमधून आय.पी. ग्लिसरीनच्या छोट्या, सीलबंद बाटल्या घेतल्या, आम्ही उघडल्यासुद्धा नाहीत. प्रत्येक बाटलीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, त्यांच्या अक्षरात: “आंघोळीनंतर ओल्या तळहातावर दोन थेंब, पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून लावावे. वरून तेल. फुटलेल्या ओठांना निव्वळ लावू नये. बोटांच्या बेचक्यात नको.” घट्ट आहे तोवर नासत नाही आणि पातळ होतं ते थेट हातावर. सिस्टर, तुमचं वाक्य वापरलं, परवानगी न घेता.

एक गोष्ट मनाला लागली. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना वाण दिलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढं केले. साबण-सोड्यानं तळवे चिरलेले. इतकी वर्षं त्या हातांनी आमची भांडी घासलीत आणि मी ४० बायकांचं वाण ठरवताना आधी तो हात बघितला नव्हता. आता त्यांच्यासाठी ओट्यावर एक बाटली कायम ठेवलीय. घासणं झालं की हात धुवायचे, दोन थेंब, वर खोबरेल. भांड्यांसाठी रबरी मोजेही आणलेत.

फौंड्रीवाला · रात्री ९.००

ताई, मोजे सैल घ्या, घट्ट मोज्यात घाम साठतो आणि भेगा परत ओल्या हुत्यात. आणि रात्री झोपताना परत एकदा लावायला सांगा. माझं हात भरलं ते रात्रीच्या लावण्यानंच.

निवृत्त_सिस्टर · रात्री ९.३५

परवानगी आहे. मावशींच्या भेगांतून रक्त येत असेल तर आधी दोन-तीन दिवस नुसती व्हॅसलिन, ग्लिसरीन नंतर. चिर बुजल्याशिवाय नाही.

निशिगंध · रात्री ९.५०

उजव्या अंगठ्याला तशी चिर आहे. उद्या सकाळी सांगते त्यांना.